आय-७ च्या पुढचा आकडा

२०२५ चे गणपती गेले आणि पाठोपाठ माझा लॅपटॉपही गेला. शनिवारी, ६ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी झाली. सोमवारी सकाळी बटण दाबलं तर पंख्याचा आवाज येतोय, बटणाचा दिवा लागलाय, पण स्क्रीन काळीठिक्कर. चार्जर काढून पाहिला, बटण तीस सेकंद दाबून धरलं, देवाचं नाव घेतलं. ढिम्म.

मी नाशिकला घरून मुद्रितशोधन आणि अक्षरजुळणीची कामं करते. सप्टेंबर म्हणजे दिवाळी अंकांचा हंगाम. वर्षाच्या कमाईतला मोठा घास या पाच-सहा आठवड्यांतच मिळतो. त्यामुळे ‘बघू निवांत, दसऱ्याला घेऊ’ म्हणायची सोय नव्हती. पुढची चूक झाली ती या घाईतूनच.

कॉलेज रोडवरच्या दुरुस्तीवाल्याने मशीन दोन दिवस ठेवून घेतलं. १० तारखेला त्याचा फोन आला : मदरबोर्ड गेलाय, साडेसहा हजार लागतील आणि पुन्हा बंद पडला तर मी जबाबदार नाही. २०१७ च्या पाडव्याला घेतलेल्या मशीनवर एवढे पैसे घालायला जीव होईना. मनासारखा नवा घ्यायचा तर चाळीस हजारांच्या पुढे. माझ्याकडे होते वीस. मग रिफर्बिश्डकडे वळले. मोठ्या कंपन्या आपल्या कर्मचाऱ्यांचे लॅपटॉप तीन-चार वर्षांनी एकगठ्ठा विकून टाकतात. व्यापारी ते घेतात, साफसूफ करून, एखादा भाग बदलून पुन्हा विकतात. नव्या स्वस्त मशीनपेक्षा यांचा सांगाडा दणकट असतो, हे ऐकून माहीत होतं. प्रोसेसरबद्दल, म्हणजे लॅपटॉपच्या मेंदूबद्दल, मात्र मला एकच गोष्ट माहीत होती. आय-३ पेक्षा आय-५ भारी आणि आय-५ पेक्षा आय-७ भारी.

त्याच रात्री एका संकेतस्थळावर ‘कोअर आय-७, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, विंडोज ११’ अशी जाहिरात दिसली. किंमत १७,४९९. आय-७ आणि तोही बजेटच्या आत! ह्यांना स्क्रीन दाखवली, हे म्हणाले, “घेऊन टाक.” घेऊन टाकला.

सोमवारी १५ तारखेला खोकं आलं. झाकणावर एक ओरखडा होता, बाकी ठीक. सुरू झाला तो दहा-पंधरा सेकंदांत. माझा जुना सुरू होईपर्यंत चहा होऊन जायचा, त्यामुळे मी हरखलेच. तीन दिवस मनापासून काम केलं.

गुरुवारी एका अंकाच्या संपादकांबरोबर व्हिडिओ कॉल होता. वर्डमध्ये चारशे पानांची फाइल उघडी, पीडीएफ उघडी, ब्राउझरमध्ये आठ-दहा टॅब, आणि मी स्क्रीन शेअर केली. दोन मिनिटांत माझा आवाज तुटायला लागला. “ताई, तुम्ही विहिरीतून बोलताय का?” असं संपादकांनी विचारलं. पंखा मिक्सरसारखा घरघरत होता. शेवटी फोनवरून कॉल पूर्ण केला.

भाचा पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. रात्री त्याला फोन लावला. तो म्हणाला, “मावशी, टास्क मॅनेजर उघड. परफॉर्मन्स, मग सीपीयू. उजवीकडे वर नाव असेल, ते वाच.”

मी वाचलं. इंटेल कोअर आय-७-६६००यू.

“आता खाली कोअर, म्हणजे प्रोसेसरचे काम करणारे हात, किती लिहिलेत?”

दोन. लॉजिकल प्रोसेसर चार. (एकेक कोअर दोन-दोन कामं धरतो, म्हणून चार.)

“आणि तुझ्या जुन्या लॅपटॉपचा प्रोसेसर कुठला होता?”

ते मला कुठून माहीत असणार? पण बिलं मी फाइल करून ठेवते. कपाटातून २०१७ चं बिल काढलं. कोअर आय-३-६००६यू. कोअर दोन, लॉजिकल प्रोसेसर चार. पलीकडे तो काही क्षण बोलला नाही. मग म्हणाला, “मावशी, तू तोच लॅपटॉप परत घेतलायस. त्याच पिढीतला त्याचा मोठा भाऊ आणलायस फक्त.”

अगदी तंतोतंत नाही, हे त्यानेच पुढे सांगितलं. माझा आय-३ २ गिगाहर्ट्झच्या वर जातच नव्हता, हा ३.४ पर्यंत जातो. म्हणजे एका वेळी एकच काम असलं तर हा पुढे पळणार. पण एकाच वेळी पाच कामं आली की हात दोनच. आणि पहिल्या तीन दिवसांत जो वेग मला ‘आय-७ चा’ वाटला होता, तो बहुतेक एसएसडीचा, म्हणजे फिरता भाग नसलेल्या डिस्कचा, होता. माझ्या जुन्या मशीनमध्ये फिरती हार्ड डिस्क होती. दोन वर्षांपूर्वीच तिथे एसएसडी टाकली असती, तर तोही असाच टुणकन सुरू झाला असता.

मग त्याने ‘पीसी हेल्थ चेक’ नावाचं मायक्रोसॉफ्टचं मोफत छोटं ॲप चालवायला सांगितलं. प्रोसेसरच्या ओळीपुढे लाल फुली. इंटेलचा आठव्या पिढीच्या आधीचा प्रोसेसर, मोजके अपवाद सोडले तर, विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाही. माझ्याकडे आलेल्या मशीनवर ते वळसा घालून बसवलेलं होतं. चालतं, पण अशा मशीनला अपडेट मिळतीलच याची मायक्रोसॉफ्ट हमी देत नाही. विंडोज १० वर परत जायचं तर त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होता. वाढीव सुरक्षा अपडेटची एक योजना होती, पण घरगुती वापरासाठी तीही तेव्हा ऑक्टोबर २०२६ पर्यंतच होती. थोडक्यात, साडेसतरा हजार देऊन मी वर्षभराची सोय केली होती.

परत करायची मुदत सात दिवसांची होती. १९ तारखेला ‘वस्तू वर्णनाप्रमाणे नाही’ असं कारण देऊन अर्ज केला, दुसऱ्या दिवशी नामंजूर. त्यांचं म्हणणं, वर्णनात ‘सिक्स्थ जनरेशन’ लिहिलेलं आहे. परत जाऊन पाहिलं. होतं. अगदी खाली, वजन आणि रंगाच्या मध्ये. चूक माझीच. विंडोज ११ च्या मुद्द्यावर मात्र त्यांनी काही उत्तर दिलं नाही. २१ ला ‘पसंत नाही’ हे कारण निवडून पुन्हा अर्ज केला, तो मंजूर झाला, पण ४९९ रुपये वळते करून. २५ ला माणूस येऊन खोकं घेऊन गेला. खोकं बंद करतानाचा व्हिडिओ मी काढून ठेवला होता, सीरियल नंबर दिसेल असा. तो लागला नाही, पण असल्याने झोप लागली. पैसे खात्यात आले ९ ऑक्टोबरला. तोपर्यंत ह्यांच्या ऑफिसच्या लॅपटॉपवर रात्री दहानंतर काम. दसरा झाला, आमच्याकडे शस्त्रपूजेला मांडायला लाल पेन तेवढं होतं.

या पंधरा दिवसांत मी अभ्यास केला. भाच्याचे फोन, आणि एक दोनशे पानी वही.

सगळ्यात आधी नाव वाचायला शिकले. आय-५-८३५०यू यात ‘आय-५’ हे आडनाव समजा, घराणं कळतं एवढंच. खरी माहिती पुढच्या आकड्यात असते. चार आकडी संख्या असेल तर पहिला आकडा पिढीचा : ६६०० म्हणजे सहावी, ८३५० म्हणजे आठवी. पण संख्या १ ने सुरू झाली की पहिले दोन आकडे बघायचे : १०३१० म्हणजे दहावी, ११३५ म्हणजे अकरावी. शेवटचं अक्षर यू असेल तर कमी वीज खाणारा प्रोसेसर, साधारण १५ वॉटचा, पातळ लॅपटॉपसाठी. एच असेल तर जास्त ताकदीचा, जास्त तापणारा.

आणि आठव्या पिढीलाच एवढं महत्त्व का, तेही कळलं. सातव्या पिढीपर्यंत या ‘यू’ वाल्या प्रोसेसरमध्ये कोअर दोनच असायचे, मग आय-५ असो की आय-७. २०१७ मध्ये आठवी पिढी आली आणि तेवढ्याच १५ वॉटमध्ये चार कोअर आले, लॉजिकल आठ. त्यामुळे आठव्या पिढीचा आय-५ सहाव्या-सातव्या पिढीच्या ‘यू’ वाल्या आय-७ ला अनेक कामं एकत्र करताना सरळ मागे टाकतो. दुकानात मात्र दोघांच्या किमती जवळजवळ सारख्या, कारण गिऱ्हाईक ‘सात’ हा आकडा बघून पैसे देतं. मी दिले तसे.

मग पुढचा प्रश्न, आठवीच का, दहावी-अकरावी का नको? वहीत मी चार रकाने पाडले होते. दहाव्या पिढीतला आय-५-१०३१०यू चार कोअरचाच, बनावटही त्याच १४ नॅनोमीटरची, ग्राफिक्समध्ये फार फरक नाही. वरचा वेग जास्त, ४.४ गिगाहर्ट्झपर्यंत. त्यासाठी तेव्हा पाच-सहा हजार जास्त लागत होते. मशीन दोन वर्षांनी तरुण मिळतं, हा खरा फायदा. अकराव्या पिढीत, आय-५-११३५जी७ वगैरेत, ग्राफिक्स खरंच सुधारतात. व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्याने तिकडे जावं. मला अनुस्वार आणि काने बघायचे असतात.

आय-५-८३५०यू की आय-७-८६५०यू? दोन्ही चार कोअर. आय-७ ची कॅश (प्रोसेसरची स्वतःची छोटी मेमरी) ८ एमबी, आय-५ ची ६. आय-७ वर ४.२ पर्यंत जातो, आय-५ ३.६ पर्यंत. पण पातळ लॅपटॉपमध्ये तो वरचा वेग थोडाच वेळ टिकतो. मग उष्णतेमुळे दोघांनाही खाली यावं लागतं. भाच्याचं म्हणणं, दोन हजारांचा फरक असेल तर ते बॅटरीवर घाल. हे मला पटलं. तसंच ८२५०यू आणि ८३५०यू यांच्यात एवढा थोडा फरक आहे, की त्यापायी चांगलं मशीन सोडू नये.

रायझनवर, म्हणजे इंटेलच्या स्पर्धक एएमडीच्या प्रोसेसरवर, आमचं भांडण झालं. त्याला रायझन ५ प्रो ४६५०यू डोक्यात बसलेला. सहा कोअर, बारा लॉजिकल. “मावशी, या पैशात इंटेल घेणं म्हणजे गाढवपणा आहे.” पण या पैशात तो मिळतच नव्हता. मला दिसलेले सगळे सत्तावीस-अठ्ठावीस हजारांच्या घरात होते. माझ्या आवाक्यात होता रायझन ५ प्रो ३५००यू : चार कोअर, आठ लॉजिकल, ग्राफिक्स आठव्या पिढीच्या इंटेलपेक्षा उजवे. गेम खेळणाऱ्या मुलासाठी घ्यायचा असेल तर मी तोच घेईन. यातही आकड्याची एक गंमत आहे. रायझन ५ २५००यू दिसायला जेमतेम एक पायरी खाली, पण तो विंडोज ११ च्या यादीत नाही. स्वस्त दिसला म्हणून त्याला हात लावू नका.

त्याने विंडोजऐवजी मोफत मिळणाऱ्या लिनक्सचाही हट्ट धरून पाहिला. “मग कुठलाही जुना घे, फुकटात पळेल.” पण माझे दोन प्रकाशक अजून श्रीलिपी या मराठी फाँटच्या सॉफ्टवेअरमधल्या फाइली पाठवतात. त्याचं डोंगल, म्हणजे यूएसबीत लावायची किल्ली, जिथे चालेल तिथेच माझं पोट चालतं. लिनक्स मिटलं. उलट डोंगलसाठी जुन्या पद्धतीचा चौकोनी यूएसबी पोर्ट हवाच, हे वहीत लाल शाईने लिहिलं.

नाशिकला एम. जी. रोडवर दोन दुकानं पाहिली. निवड कमी, भाव जास्त. शेवटी शनिवारी ११ ऑक्टोबरला सकाळची पंचवटी एक्स्प्रेस धरली. साडेदहाच्या सुमारास दादर, तिथून पश्चिमेच्या लोकलने ग्रँट रोड, पूर्वेला उतरलं की पाच-सात मिनिटांवर लॅमिंग्टन रोड, मुंबईतला कॉम्प्युटरच्या दुकानांचा बाजार. रविवारी बरीच दुकानं बंद असतात, तेव्हा शनिवार किंवा आडवार गाठा. शक्यतो अकरा ते एक. नंतर गर्दी वाढते आणि कोणी तुम्हाला मशीन शांतपणे बघू देत नाही.

बरोबर काय नेलं होतं : पेन ड्राइव्हमध्ये ती चारशे पानांची फाइल, इअरफोन, डोंगल, वही, आणि फोनमध्ये भरपूर डेटा, कारण दुकानं वायफायचा पासवर्ड देतातच असं नाही.

पहिल्या दुकानात जिन्याखाली लॅपटॉप ताटांसारखे एकावर एक रचलेले. एक मुलगा जमिनीवर बसून थिनरच्या बोळ्याने झाकणांवरची कंपन्यांची लेबलं पुसत होता. प्रत्येकावर बारकोड आणि ‘ॲसेट नंबर’. पुसलं की खाली चौकोनी फिकट डाग राहायचा. त्याच्या मांडीजवळ स्टिकरचं एक पान होतं, टिकल्यांच्या पाकिटासारखं. त्यावर ओळीने आय-५, आय-७, आय-५, आय-७. मी बघत असतानाच त्याने एक आय-७ सोलून एका लॅपटॉपच्या तळहाताच्या जागी चिकटवला. मी काही बोलले नाही. मालकाने तोच लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला. “मॅडम, आय-सेव्हन है, आपके लिए सोलह में.” टास्क मॅनेजर उघडला. आय-५, सातवी पिढी. मालक म्हणाले, “वो स्टिकर तो लडके ने गलत लगा दिया.” मी वही मिटली आणि बाहेर पडले.

तिसऱ्या दुकानातला मुलगा मराठी होता, मूळचा साताऱ्याकडचा. त्याला सरळ सांगितलं, आठवी पिढी, चार कोअर, रॅमला दोन खाचा, चौकोनी यूएसबी. तो हसला. “ताई, अभ्यास करून आलाय. मग वेळ नाही घालवत.” त्याने तीन मशीन काढली : डेलचा लॅटिट्यूड ७४९० आय-५-८३५०यू वाला, ८ जीबी, २५६ एसएसडी, १९ हजार. लेनोवोचा थिंकपॅड टी४८० आय-५-८२५०यू वाला, तेवढंच सगळं, साडेएकोणीस. आणि थिंकपॅड टी४९५ रायझन ५ प्रो ३५००यू वाला, १६ जीबी, बावीस हजार.

रायझन बजेटबाहेर गेला, शिवाय त्यात काही रॅम बोर्डावरच डकवलेली असते, पुढे वाढवायला एकच खाच. उरले दोन. खरं तर प्रोसेसरचा प्रश्न इथे संपला होता. दोन्ही बहिणी सारख्याच. त्यानंतरचा पाऊण तास गेला तो मशीन बघण्यात.

बॅटरीचं विंडोज स्वतःच सांगतं. कमांड प्रॉम्प्ट उघडायचा, इंग्रजीत पॉवर आणि सीएफजी ही अक्षरं जोडून लिहायची, मग एक जागा सोडून तिरकी रेघ, तिला लागून बॅटरीरिपोर्ट (powercfg /batteryreport). एक फाइल तयार होते. तीत ‘डिझाइन कपॅसिटी’ आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ अशा दोन ओळी असतात. पहिली जन्माच्या वेळची, दुसरी आजची. त्याने काढून दिलेल्या पहिल्या लॅटिट्यूडची ६०,००० पैकी ३१,००० निघाली. तसाच दुसरा मागितला, त्याची ४२,६००, म्हणजे ७१ टक्के. टी४८० ला बॅटऱ्या दोन, एक आत आणि एक बाहेर. बाहेरची बरी होती, आतली संपत आलेली. म्हणून दुसऱ्या लॅटिट्यूडवर मन बसलं. दुकानदार “तीन तास चालते” सांगतो ते सोडून द्या, अहवाल मागा. एकच सावधगिरी : सायकल काउंट (बॅटरी किती वेळा पूर्ण वापरून चार्ज झाली तो आकडा) शून्य दिसला तर बॅटरी बदललेली असू शकते, आणि ती कशी आहे हे चालवल्याशिवाय कळत नाही.

चालू करताना एफ-२ दाबून बायोस, म्हणजे विंडोजच्या आधी येणारा मशीनचा स्वतःचा सेटिंगचा पडदा, उघडायला सांगितलं. (एचपीला एफ-१०, थिंकपॅडला एफ-१.) तिथे पासवर्ड मागितला तर समजावं की जुन्या कंपनीचं कुलूप अजून तसंच आहे. कॉम्प्युट्रेस नावाची चोरीविरोधी सोय चालू नाही ना, तेही तिथेच दिसतं. खालच्या लेबलवरचा सर्व्हिस टॅग डेलच्या संकेतस्थळावर टाकला की मशीन कधी पाठवलं आणि मुळात त्यात काय काय होतं ते कळतं. माझं जानेवारी २०१९ चं निघालं, आणि प्रोसेसर तोच. हे पाहिल्यावर स्टिकरची भीती गेली.

मग डोंगल लावून दोन्ही बाजूंचे पोर्ट पाहिले, कीबोर्डचं एकेक बटण नोटपॅडमध्ये दाबलं, चारशे पानांची फाइल उघडली, आणि दुकानातूनच भाच्याला व्हिडिओ कॉल लावून स्क्रीन शेअर केली. टास्क मॅनेजरमध्ये आठ चौकटी, आठ नागमोडी रेषा, एकही छताला टेकलेली नाही. भाचा म्हणाला, “आवाज स्वच्छ आहे मावशी. मागे कोण ओरडतंय?” मागे चहावाला ओरडत होता.

१९ चे १८ झाले, जीएसटीसकट. बिलावर सीरियल नंबर आणि प्रोसेसरचं पूर्ण नाव लिहून घेतलं. मुलाने नुसतं ‘डेल आय-५’ लिहिलं होतं, मी खोडून पुन्हा लिहायला लावलं. पंधरा दिवसांची टेस्टिंग वॉरंटी, सहा महिन्यांची दुकानाची. बॅटरी आणि चार्जर त्यात नाहीत. रॅम १६ करून घ्यावी का विचारलं तर तो म्हणाला, भाव रोज चढतायत, घ्यायची तर आजच घ्या. घेतली नाही, पैसे नव्हते. संध्याकाळच्या पंचवटीत लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले, वर ठेवायला धीर झाला नाही.

पंधरा दिवसांच्या वॉरंटीत मशीनला आराम द्यायचा नसतो. रोज सहा-सात तास चालवलं. चौथ्या दिवशी लक्षात आलं की थोडं काम पडलं तरी पंखा लागतो आणि डाव्या हाताखाली चटका बसतो. मन धसकलं, पुन्हा तीच कथा? मुंबईच्या दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, धूळ आणि वाळलेली पेस्ट असणार, इकडे पाठवा, करून देतो, किंवा तिकडे करून घ्या, वॉरंटी जाणार नाही. ते शेवटचं वाक्य मी व्हॉट्सॲपवर लिहून मागितलं. मग कॉलेज रोडच्याच दुरुस्तीवाल्याकडे नेलं. त्याने उघडून पंख्यातून कापसासारखा धुळीचा बोळा काढला आणि प्रोसेसरवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट बदलली, ६०० रुपये. साडेसहा वर्षं कुणाच्या तरी ऑफिसात बसलेलं मशीन, धूळ असणारच. त्यानंतर पंखा कॉलच्या वेळी लागतो, पण हळू.

तिथेच बसले असताना एकदम आठवलं. “माझा मेलेला लॅपटॉप अजून तुमच्याकडेच आहे ना? त्याची रॅम कुठली?” त्याने काढली. ४ जीबी, डीडीआर-४. नव्याच्या रिकाम्या खाचेत बसली. ८ आणि ४ मिळून १२. कमी वेगाची असल्याने दोन्ही पट्ट्या तिच्या चालीने चालतात, पण माझ्या कामात फरक जाणवला नाही. फुकट. जुन्याची हार्ड डिस्कही काढून आणली. तीत आठ वर्षांच्या फाइली आहेत, तशी सोडून यायची नाही.

लॅपटॉप दिवसभर चार्जरला लावलेलाच असतो, म्हणून बायोसमध्ये बॅटरीच्या भागात ‘प्रायमरली एसी यूज’ निवडून ठेवलं. तरी डिसेंबरात बॅटरी बदलून घेतली, ३,४०० रुपये. आमच्याकडे वीज गेली की तासभर येत नाही, त्या तासाभराची हमी हवी होती. लॅपटॉपचे १८,०००, सफाईचे ६००, बॅटरीचे ३,४००, वर आधीचे बुडालेले ४९९ आणि प्रवास-वडापावचे चार-पाचशे. हिशेब तेवीस हजारांच्या जवळ जातो. वीसचं बजेट होतं. रिफर्बिश्ड घेताना वरखर्चाचे तीन-चार हजार आधीच बाजूला ठेवा, मी ठेवले नव्हते आणि घरखर्चातून काढले.

परवा सिन्नरहून धाकट्या जावेचा फोन आला. “वहिनी, मुलासाठी आय-७ मिळतोय चौदा हजारात, घेऊ का?” म्हटलं, पुढचा आकडा काय आहे? “कसला पुढचा?” टास्क मॅनेजरचा फोटो काढून पाठव म्हणून सांगितलं. अर्ध्या तासाने फोटो आला. कोअर आय-७ एवढं स्पष्ट दिसत होतं, आणि बरोबर पुढच्या आकड्यावर दुकानदाराचा अंगठा. मी लिहिलं, अंगठा काढायला सांग आणि परत पाठव.